रानडुकरांविषयी सात गावांचा करार

“एकादशीले धान्याचा दाना तोंडात जाऊ द्यायचा नाही,” असं माझ्या सासूबाई सांगून गेल्या. ते मी आजवर पाळलं. मात्र संरक्षणाचा कोणताही करार रिकाम्या पोटी होत नाही, हे त्यांनी सांगितलं नव्हतं.

सन १९६३. बार्शीटाकळीकडच्या सात गावांनी रानडुकरांविरुद्ध संघ काढला. स्थापना गव्हाच्या भाजलेल्या रोडग्यांच्या पंगतीनं झाली. जो जेवला तो सदस्य. आमच्या गावातर्फे आमचे हे, खुशालराव, गेले होते. नेमकी एकादशी. मी बजावलं होतं, म्हणून ते पाणी पिऊन परत आले, आणि आमचं आठवं गाव बिगर-सदस्य ठरलं. (पुण्य लागलं ते वेगळं.)

संघाची राखण फार चोख. हाकललेली डुकरं बिगर-सदस्य हद्दीत येत. तिथं पहिलंच शेत पंचफुलाबाईंचं: दोन एकर ज्वारी, घराची वर्षाची भाकरी. अंबाडीच्या वाखाची गोफण विणावी तर याच बाईंनी. संघाला गोफणी हव्या होत्या, बाईंना हद्दीवर राखणदार. सहकार्याला एवढं पुरे, असा आमचा अडाणी समज. म्हणून बाईंनी संघाकडे अर्ज केला.

चिटणीस जानरावांनी अटी वाचल्या. गोफणीतली शंभरात पासष्ट भाग अंबाडी सदस्य गावची असावी. बिगर-सदस्यांनी सतरंजीबाहेर बसावं. डुक्कर दिसल्यास त्यांनी ओरडावं. कोणत्या दिशेला हाकलायचं, ते संघ ठरवील.

“डुक्कर इचारते का जी, कोन जेवलं न् कोन नाही?” बाई म्हणाल्या.

“थे बी सदस्य नाही, बाई. पन त्यानं अर्ज नाही केला. तुमी केला. म्हनून नियम तुमाले लागते.”

इतकं स्पष्ट उत्तर सरकारातही मिळत नाही.

पहिल्याच बैठकीत बाईंनी वीस गोफणींचा शब्द देऊन टाकला. पुढच्या चार बैठका संघाच्या शब्दासाठी झाल्या. (या काळात डुकरांची गैरहजेरी: शून्य.) पाचवीत करार मंजूर झाला. हद्दीवर राखण मिळणार, पुढच्या हंगामापासून. तोवर बाईंच्या शेतात कणसं गेलेले नुसते धांडे उरले होते.

“आता कशाले देता गोफना?” मी विचारलं.

“शब्द म्या देल्ला व्हता, वैनी. संघानं नाही.”

वाचकहो, आपण बाईंच्या बाजूचे, हे दिसतंच आहे. यंदा अकोल्याच्या बाजारातून आपण आणलीत ती टपोरी ज्वारी त्याच सात गावांची, डुकरं आमच्याकडे हाकलून राखलेली. गरम आहे तोवर भाकरी खाऊन घ्या.

बाईंनी गोफणींचा भारा डोक्यावर घेतला आणि संघाच्या गावाची वाट धरली.