टोकेकरांची रोटरी

गाडी दोन फूट सरकवायची असली तरी विश्वासराव टोकेकर पंचवीस-तीस किलोमीटरवरच्या बेटम्यापर्यंत जाऊन येतात. गेल्या वर्षी इंदूरच्या आमच्या गल्लीत समोरच्या घरी लग्नाचा मांडव घालत होते. मांडववाला म्हणाला, "काकाजी, गाड़ी जरा पीछे ले लो." टोकेकर आत गेले, पायजमा बदलून पँट घातली, पाण्याची बाटली घेतली, गाडी सुरू केली आणि धार रोडला लागले. बऱ्याच वेळाने परतले आणि गाडी दोन फूट मागे लावली. तोवर मांडववाला बांबू धरून उभा होता.

"मतलब काय की," टोकेकर समजावतात, "हे इंजिन थंड असताना चालू करून लगेच बंद केलं, की आत पेट्रोल साचतं. मग ते उठत नाही. चालू केलं की चांगलं गरम करूनच बंद करायचं. सिद्धांत आहे."

गाडी जपानी, दोन माणसांची, उघड्या टपाची. महूच्या एका फौजी अधिकाऱ्याने ती परदेशातून आणली होती. त्याची बदली झाली तेव्हा टोकेकरांनी घेतली. ते त्या वेळी पीथमपूरच्या एका कारखान्यात इंजिनीअर होते. घरात बायको होती, शाळेत जाणारा मुलगा होता आणि पावसाळ्यात गळणारं छप्पर होतं. "यांनी दुसरं गळणारं छप्पर विकत आणलं," असं त्यांच्या पत्नी सुमनताई आल्यागेल्याला सांगायच्या.

गाडीचं इंजिन रोटरी आहे. म्हणजे काय, हे टोकेकरांना विचारू नये. एका मुंजीच्या पंगतीत कुणीतरी विचारलं. टोकेकरांनी वाटीतली कढी पिऊन टाकली, तीत समोसा ठेवला आणि बोटाने फिरवायला लागले. "हा रोटर. ही वाटी म्हणजे त्याचं घर. पिस्टन काय करतो? वर जातो, खाली येतो. कारकुनी! हा फिरतो. पण याची तिन्ही टोकं वाटीला कायम घासत राहिली पाहिजेत. टोक झिजलं की खेल खतम." समोसा फुटला. बटाट्याचं सारण पानात सांडलं. "असंच होतं," टोकेकर म्हणाले आणि समोसा खाऊन टाकला.

ती टोकं कोरडी पडू नयेत म्हणून ते टाकीत पेट्रोलबरोबर जुन्या स्कूटरसारखं तेल ओततात. पंपावरचा नवा माणूस दर वेळी घाबरून म्हणतो, "भिया, ये कार है." टोकेकर म्हणतात, "मालूम है."

इथवर गल्ली हसते. पुढचं गल्लीला माहीत आहे, पण त्याबद्दल कुणी बोलत नाही.

तीन वर्षांपूर्वी सुमनताई दवाखान्यात होत्या. मुलगा निखिल जर्मनीहून आला होता. तोही गाड्यांचाच इंजिनीअर. एका रात्री सुमनताईंची बहीण त्यांच्याजवळ थांबली होती, म्हणून बापलेक घरी होते. सकाळी कचरागाडीला वळायला जागा हवी होती. टोकेकरांनी गाडी पुढे घेतली आणि घाईत तशीच बंद केली. एवढ्या वर्षांत सिद्धांत मोडला तो त्या एकाच दिवशी. थोड्या वेळाने दवाखान्यातून फोन आला, लगेच या.

गाडी उठेना. निखिल म्हणाला, "बाबा, रिक्षा करू." टोकेकर म्हणाले, "रुक, होते आत्ता." स्टार्टरचं गुरगुरणं आम्ही शेजारच्या घरात ऐकत होतो. मध्ये दोनदा निखिलचा आवाज आला. बॅटरी संपेपर्यंत टोकेकरांनी चावी सोडली नाही. शेवटी ते रिक्षाने पोहोचले तेव्हा सुमनताई गेल्या होत्या.

निखिल तेराव्यापर्यंत राहिला. बापाशी बोलला नाही. नंतर फोनही करत नव्हता, उचलतही नव्हता. काही महिन्यांनी टोकेकरांनी त्याला एक प्रश्न पाठवला: पेट्रोल तोडायचं वेगळं बटण बसवलं, तर इंजिनात पेट्रोल साचायचं थांबेल का? संध्याकाळी उत्तर आलं. "थांबेल. बसवा."

टोकेकरांनी बटण बसवलं नाही. त्याऐवजी दुसरा प्रश्न विचारला. मग तिसरा. हळूहळू रविवारी दुपारी निखिलचा व्हिडिओ कॉल ठरून गेला. विषय एकच, इंजिन. हवा आत जाण्याची भोकं घासून मोठी करायची का? जोराने हवा आत कोंबणारा टर्बो लावायचा का? लावला तर एवढी उष्णता इंदूरच्या मे महिन्यात जाणार कुठे? एखादी गोष्ट ठरली की पुढच्या रविवारी टोकेकर तिच्यावर शंका काढत. "मतलब काय की, टर्बोने टोकांवर दाब येतो. फिर से सोचना पडेगा." निखिल पुन्हा विचार करत असे. तीन वर्षांत एक नट फिरला नव्हता. मी एकदा म्हणालो, "काका, आता करून तरी टाका." "करून टाकलं तर मग?" असं म्हणून ते आत गेले.

या हिवाळ्यात निखिलच म्हणाला, "एकदा खोलून आतली हालत बघा. मग पुढचं ठरवू." नाही म्हणायला कारण सापडेना. महू नाक्यावरच्या इरफान मेकॅनिकने इंजिन उतरवून नेलं. आठवड्याने त्याने बोलावलं. टोकेकरांना माझ्या स्कूटरवर मीच घेऊन गेलो.

इरफानने सगळं गोणपाटावर मांडलं होतं. एक रोटर तडकला होता. रोटरच्या घराच्या आतल्या भिंतीचा मुलामा सोलून निघाला होता. "काकाजी, ये गया," इरफान म्हणाला. "किसी टॅक्सी का इंजन डाल दो, मक्खन चलेगी." टोकेकर खाली वाकले, भिंतीवरून बोट फिरवलं, बोट रुमालाला पुसलं. परत येताना मागच्या सीटवरून म्हणाले, "निखिलला सांगू नका. मी बघतो."

शनिवारी इरफान भाजीबाजारात भेटला. मी त्याला म्हणालो, जर्मनीला काही कळवू नकोस. तो म्हणाला, "फोटो तो मैंने उसी दिन डाल दिए, भिया. निखिल भैया ने ही बोला था, खुलते ही भेजना." मी विचारलं, काय म्हणाले? "कुछ नहीं. बोले, पापा को मत बताना कि मैंने देख लिए."

मी टोकेकरांना सांगितलं नाही. रविवारी त्यांनीच मला बोलावून घेतलं. अंगण झाडलेलं होतं, दाढी केलेली होती. फोन त्यांनी भिंतीच्या कडेला अशा बेताने टेकवला होता, की इंजिन नसलेली गाडी दिसू नये.

"बाबा, खोललं का?"

"खोललं ना."

"आत कसं आहे?"

"बढिया आहे." टोकेकरांनी घसा साफ केला. "टोकं थोडी झिजलीत. बाकी भिंत एकदम काचेसारखी. इरफानने पण तारीफ केली."

एरवी निखिल म्हणतो, गाडी दाखवा. त्या दिवशी म्हणाला नाही.

"मग टर्बो लावता येईल," तो म्हणाला.

"येईल. पण गरम होईल रे."

"थंड करायला पुढे कूलर टाकू. मोठा."

"मोठा बसणार नाही. बंपर कापावा लागेल."

"कापू ना, बाबा."

"कितना कापायचा, तेच तर सोचना पडेगा," टोकेकर म्हणाले आणि खुर्ची फोनच्या आणखी जवळ ओढून बसले.