बापूंच्या मापाचा हत्ती

मसाई माराच्या गवतात पहिला जिराफ दिसला, तेव्हा गाडीतल्या पाच जणांनी श्वास रोखला आणि सहाव्याने तोंड उघडलं.

"माप सांगतो, ऐक. आपल्या विहिरीजवळची थोरली पोफळ आहे ना? तिच्या निम्मा. वर शेंड्याला असोल्या नारळाएवढं डोकं. आणि अंगभर आपल्या मोरीतल्या फुटक्या फरशीसारखे चट्टे!"

जिराफाने मान वळवून आमच्याकडे बघितलं. पुढच्या सीटवरच्या पनवेलच्या गृहस्थाने कॅमेऱ्यातून डोळा काढून माझ्याकडे बघितलं, जणू बापूंना मीच जन्माला घातलं होतं. बोलायला मला तोंड नव्हतं. "आम्ही शेजारी आहोत हो, एकाच गाडीत बसवा," असं टूर मॅनेजरला मीच सांगून बसलो होतो. हौस, दुसरं काय!

नागावला बापूंची आणि आमची वाडी एकमेकांना लागून आहे. मधलं कुंपण माझ्या वडिलांनी बापूंच्या हद्दीत वीतभर आत घातलं, हे ते दर दिवाळीला फराळाचं ताट माझ्या हातात देताना सांगतात. "खा, खा. चकली तुझी, वीत माझी." बापू सरकारी मोजणी खात्यात भूकरमापक होते. निम्म्या तालुक्याच्या हद्दी त्यांनी कायम केल्या आणि निम्म्या तालुक्याच्या शिव्या खाल्ल्या. निवृत्त झाले तरी खिशातला टेप काही सुटला नाही. लग्नात पंगतीला बसले की दोन पानांमधलं अंतर मोजणार. कुणाकडे फ्रीज आला की आधी दाराची चौकट मोजणार. आणि सगळं फूट-इंचात. कुणी "अंदाजे" म्हटलं की यांचं डोकं फिरलंच. "अंदाजे म्हणजे थाप!" असं वर सुनावणार.

असा हा माणूस गेल्या दीडेक वर्षात बिघडला. फूट गेले, इंच गेले. अलिबागच्या बाजारातला हलवा मासा "आपल्या परातीएवढा" झाला आणि सरपंचाची नवी गाडी "आपल्या गोठ्याएवढी, दार उघडं टाकलेल्या." तेही मोठ्याने, शेजारी बसलेल्या बायकोला, आमच्या वहिनींना, सांगायचं. मी मंदाला, म्हणजे माझ्या बायकोला म्हटलं, "वय झालं बापूंचं. टेप सुटला."

निघालो तेव्हा मांडव्याच्या बोटीतही तेच. "माप सांगतो, ऐक. समुद्र आज सारवलेल्या अंगणासारखा. चार होड्या आहेत. एकीवर जाळं वाळत घातलंय, तुझ्या त्या हिरव्या लुगड्याच्या रंगाचं." बोटीतली कॉलेजची पोरं खुदुखुदू हसत होती. वहिनीही हसत होत्या, बापूंचा हात धरून. विमानतळावर हात धरलेला, नैरोबीत हात धरलेला. सगळ्या ग्रुपने त्यांचं नाव "नवीन जोडपं" ठेवलं.

वहिनींनी नागावच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला. आफ्रिकेचा नकाशा त्या फळ्यावर खडू न उचलता काढायच्या. आमच्या दोन्ही पोरांनी त्यांच्याच हातचा मार खाऊन नाईल नदी पाठ केली. "एकदा हत्तींच्या देशात जायचंय हो," असं त्या कुंपणावरून म्हणायच्या, ते मी किती वर्षं ऐकत होतो.

तर जिराफ झाला, झेब्रे झाले ("आपल्या देशपांड्यांच्या घोड्याला चुन्याचे पट्टे मार"), पाणघोडे झाले. तीन दिवस अखंड धबधबा! आमचा ड्रायव्हर जोसेफ बिचारा भला माणूस. त्याला मराठीतलं "माप सांगतो" एवढं पाठ झालं. ते कानावर आलं की तो सुस्कारा सोडायचा.

चौथ्या दिवशी सकाळी बिबट्या सापडला. तीन तास एका झाडाखाली उन्हात थांबलो होतो. पानांतून आधी शेपूट दिसलं, मग पाठ. पनवेलकरांनी तोफेसारखा कॅमेरा हळूच वर केला. मंदाने माझा दंड असा आवळला की वळ उठला. बिबट्या उठला, आळोखेपिळोखे देत फांदीच्या टोकाला आला, आणि—

"माप सांगतो, ऐक! आपल्या फणसाची आडवी फांदी आहे ना—"

बिबट्या एका उडीत गवतात गेला. पुन्हा काही दिसला नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उभा राहून ओरडलो, "बापू, पुरे करा हो! आम्हाला काय डोळे नाहीत? दिसतंय सगळ्यांना!"

बापूंचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. वहिनींनी मान खिडकीकडे फिरवली. मला वाटलं, नवऱ्याचा अपमान झाला म्हणून रागावल्या. रागावू देत, म्हटलं. कुणीतरी बोलायलाच हवं होतं.

जेवणाच्या वेळी टूर मॅनेजर केतनने पंचायत बसवली. पोरगा तिशीचा, पण बोलायला खणखणीत. "उद्या सकाळची आपली शेवटची फेरी. बापूकाकांना कॅम्पवर ठेवावं असं कुणाकुणाला वाटतं?" पनवेलच्या जोडप्याने हात वर केला. मीही केला. मंदाने माझ्या पायावर पाय दिला, तरी केला.

"मग मीही राहते," वहिनी म्हणाल्या.

"छे छे! तू जायचंस," बापू घाईघाईने म्हणाले. "उद्या हत्तींच्या बाजूला नेणारेत. केतन, मी गप्प बसतो. शब्द देतो."

"ठीक आहे. पण जोसेफला सांगून ठेवतो. तुमच्या तोंडून एक शब्द आला की गाडी परत. सगळ्यांची."

बापूंनी मान हलवली. ताटातला भात तसाच होता. मोजणीला गेल्यावर दोन्हीकडच्या लोकांच्या काठ्या बघूनही न डगमगणारा माणूस, त्याचा चेहरा एवढासा झाला होता.

दुपारी मला आमसुलं खाल्ल्यागत झालं. दीर म्हणून वहिनींच्या हातचे मोदक खायचे आणि भर पंगतीत त्यांच्या नवऱ्याविरुद्ध हात वर करायचा! बापू आंघोळीला गेलेत असं बघून मी दोन कप चहा घेतला आणि त्यांच्या तंबूकडे गेलो. वहिनी बाहेर खुर्चीत बसल्या होत्या. मी अगदी समोर जाऊन उभा राहिलो. काय बोलावं सुचेना, म्हणून कप पुढे केला. त्या सरळ माझ्याकडे बघत होत्या, पण कप घेईनात. मी आणखी पुढे केला. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. एवढ्या रागावल्या?

मग त्यांनी नाक जरासं वर केलं. "चहाचा वास येतोय. कोण आहे?"

"अरारा!" माझ्या हातातला कप हिंदकळून चहा सांडला.

"प्रभाकरभावजी ना?" त्या म्हणाल्या. "चहा सांडलात तेव्हा 'अरारा' म्हणालात, त्यावरून ओळखलं. बसा. काचबिंदू आहे. दीड वर्ष झालं. उजेड तेवढा कळतो."

"वहिनी, आम्ही शेजारी... रोज बोलतो..."

"घर पाठ आहे हो मला. कुंपणही पाठ आहे, वीतभर आत आहे ते." त्या हसल्या. मला हसू येईना. "मी म्हटलं होतं, आता काय करायची ती आफ्रिका? हे म्हणाले, मी बघतो आणि सांगतो. पण फूट-इंच सांगून मला काय दिसणार? वाडी मात्र मी डोळ्यांनी पाहिलीय. म्हणून सगळं वाडीच्या मापाने सांगतात. जन्मभराची सवय मोडून शिकले हो या वयात."

मी तिथे मातीतच बसलो. सकाळचं माझं वाक्य आठवून मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आत्ताच्या आत्ता केतनला सांगतो," मी उठत म्हटलं.

"नाही!" असा शाळेतला आवाज की मी परत बसलो. "कुणाला सांगायचं नाही. मंदालाही नाही. कळलं की सगळे जागा देतील, घास भरवतील, बिचारी म्हणतील. मी सफारीला आलेय, दवाखान्यात नाही. शपथ आहे तुम्हाला."

"पण उद्या हत्ती! बापू बोलले नाहीत तर तुम्हाला..."

"नाही दिसणार," त्या म्हणाल्या. "वास तर येईल."

मी केतनला नुसतं इतकंच म्हणून बघितलं की, जाऊ दे ना, बोलू दे म्हाताऱ्याला. तो म्हणाला, "काका, हात तर तुम्हीच वर केला होता!" घ्या!

दुसऱ्या दिवशी सकाळी बापू गाडीत बसले ते ओठ आवळून. हरणं गेली, शहामृग गेला. वहिनी खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. मंदा माझ्या कानात म्हणाली, "कसं शांत वाटतंय ना?" मी तिच्यावर खेकसलो. तिला बिचारीला काय माहीत!

मग एका वळणावर जोसेफने करकचून ब्रेक दाबला. समोरच कळप. पिल्लं आईच्या पोटाखालून रस्ता ओलांडत होती आणि आमची गाडी नेमकी मधे आली होती. एक हत्तीण वळली. कान पसरून ती सरळ आमच्याकडे चालत आली. जोसेफने इंजिन बंद केलं. त्याने मागे बघून ओठांवर बोट ठेवलं, आणि या वेळी ते काही केतनच्या सांगण्यावरून नव्हतं. त्याच्या कपाळावर घाम होता.

ती गाडीपाशी येऊन थांबली. हात बाहेर काढला असता तर लागली असती. पनवेलकरांनी कॅमेऱ्याचं बटण मांडीवरूनच दाबलं. तिचा श्वास ऐकू येत होता, भात्यासारखा. सोंड वर आली आणि आमच्या टपाच्या कडेवरून सरकत गेली. माझी पाचावर धारण बसली होती.

"अहो?" वहिनी कुजबुजल्या. "काय आहे हो?"

सोंड थांबली. जोसेफने डोळे मिटले. बापूंनी तोंड उघडलं आणि मी मनात म्हटलं, बोला, बापू, चिरडू दे आम्हाला, पण बोला! बापूंनी तोंड मिटलं. त्यांनी वहिनींचा हात मांडीवर ओढून घेतला, तळवा उघडला आणि त्यावर बोटाने काढायला लागले. आधी पाठीची कमान. मग कान, पार मनगटापर्यंत. मग सोंड, करंगळीवरून खाली. बापूंच्या बोटाला घाई नव्हती. एकदा थांबले, हत्तिणीकडे नीट बघितलं, आणि एक रेघ पुसून पुन्हा, आधीपेक्षा आखूड काढली. मोजणीच्या नकाशावर पुसतात तशी. वहिनींचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते.

किती वेळ गेला देव जाणे. हत्तिणीने फुर्रकन आमच्या अंगावर धूळ उडवली आणि ती पिल्लांमागे निघून गेली.

जोसेफने सुस्कारा सोडला आणि गाडीत सगळे एकदम बोलायला लागले. मंदा रडत होती, पनवेलकर "बापरे, बापरे" करत फोटो बघत होते.

"बिचारीचा डावा सुळा अर्ध्यात मोडलाय, नाही?" वहिनी म्हणाल्या.

"नाही हो काकू," पनवेलकर म्हणाले. "मी केवढ्या जवळून बघितली! दोन्ही अख्खे आहेत." तरी त्यांनी कॅमेऱ्यात फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. मग म्हणाले, "अरे, खरंच की! काकू, काय नजर आहे तुमची!"

बापूंनी चष्मा काढला आणि दुसऱ्या खिडकीकडे तोंड फिरवलं. वहिनींनी मूठ मिटली होती. कॅम्प येईपर्यंत त्यांनी ती उघडली नाही.