हिरासिंगास संघात ठेवावे की न ठेवावे, या मसलतीची हकीकत

श्री. शके एकोणीसशे चोवीस, चित्रभानु नाम संवत्सरे, पौष मासी, परभणीपासून हिंगोली जिल्हा विभक्त जाहल्यास चार साले होत आली असता, जवळा बाजार येथील फुटबॉल मंडळावर जे संकट गुजरले आणि त्यातून मंडळ ज्या शर्थीने निभावोन निघाले, ते साद्यंत लिहून ठेवावे म्हणोन मंडळाने सेवकास फर्माविले. त्यावरून सेवकाने जे पाहिले ते लिहिले, जे ऐकिले ते लिहिले, आणि जे पाहिले ऐकिले नाही तेही बराबर अदमासाने लिहिले. वाचणारांनी न्यूनाधिक पोटात घालावे.

मंडळाचे सरलष्कर मसाजी. मशारनिल्हे वीस साले फौजेत गाडी हाकोन, तेथेच फुटबॉलाची विद्या हासिल करोन, पेन्शन घेऊन गावी आले आणि औंढ्याच्या वाटेवर काळीपिवळी जीप चालवू लागले. बाजारतळापलीकडील काळ्या रानात बांबूचे खांब रोवोन त्यांनी मैदान उभे केले आणि हुकूम जारी केला की हरएक शिपायाने पहाटे सहाच्या ठोक्यास हजर व्हावे, उशीर करणारास दर पाच मिनिटांस मैदानाचा एक फेरा. या हुकुमाने गावची पोरे सुतासारखी सरळ जाहली. एक मात्र न जाहला. तो हिरासिंग.

हिरासिंग हा माळतांड्याचा, नीलाबाईचा लेक, वय एकोणीस. बापजाद्यांनी बैलांच्या पाठीवर गोण्या लादोन मुलुख पालथे घातले, ती चाल याच्या पायांत उतरली होती. चेंडू त्याच्या पायास लागला की गनिमाचे चार-चार गडी नुसते वारा धरीत राहात. गेल्या साली मंडळाने एकवीस गोल केले, पैकी सतरा याचे. परंतु खासा सरावास कधी सातास येई, कधी आठास येई, कधी सिद्धेश्वरच्या धरणावर गळ टाकोन बसे आणि मुळीच न येई. उशिराचे फेरे मोजू जाता दोन सालांचे मिळोन साडेतीन हजार निघत होते, आणि त्यांतला एकही त्याने मारिला नव्हता.

हिंगोलीच्या चषकाची मोहीम सुरू जाहली आणि मंडळ उपांत्य सामन्यापर्यंत पोहोचले. त्या दिवशी हिरासिंगाने पहिल्या वीस मिनिटांत दोन गोल मारिले, आणि मग मैदानालगत उसाच्या रसाचा गाडा त्याचे नजरेस पडला. तेव्हा कोणासही न पुसता, सामना चालू असता, मशारनिल्हे रेघ ओलांडोन गेले आणि आले घातलेला रस दोन ग्लास सावकाश प्राशन करू लागले. इकडे गनिमाने दहा गड्यांवर चाल करोन दोन गोल चढविले. मग हिरासिंग मिशा पुसोन परत आला, तिसरा गोल मारिला आणि मंडळ अंतिम सामन्यास दाखल जाहले.

विजय जाहला, परंतु लष्करात फूट पडली.

दुसरे दिवशी संध्याकाळी स्टँडासमोरील निंबाखाली दरबार भरला. कर्णधार शिवहार हा बड्या तामसाचा गडी. त्याने भर सभेत अर्ज केला की असला बेबंद शिपाई फौजेस कीड लावितो, सबब त्यास तात्काळ दूर करावे, न केल्यास आम्ही कर्णधारीचा पट्टा उतरवोन ठेवू. त्यावर गोली सुदाम याने जबाब दिला की पट्ट्याने गोल होत नाहीत. मग दोन तट पडले, आणि चहा थंड होईतो कोणी कोणास हटेना.

या गर्दीत एक भिवाजी तेवढा मुका होता. हा मेंढपाळाच्या घरचा, हाडापेराने किरकोळ. सहा महिने एकही सकाळ चुकविली नाही, मेंढरे सोडण्याआधी सराव करोन जाई, आणि आजवर त्याच्या नावे एकही गोल नाही. हिरासिंग निघाला तर त्याची जागा भिवाजीस मिळणार, हे सर्वांस ठाऊक होते. म्हणोनच त्यास कोणी काही पुसले नाही.

मसाजींनी निवाडा दिला नाही. कारण की त्यांच्या पोटात एक गुप्त गोष्ट होती. दर सामन्याच्या दिवशी ते स्वतः तांड्याच्या फाट्यावर जीप उभी करोन, इंजनात बिघाड जाहल्याचे सोंग आणोन, बॉनेट उघडोन हिरासिंगाची वाट पाहात. फौजेत ज्याने मिनिटाची गफलत केली नाही, तो या पोरासाठी दोन साले खोटे बोलत होता, आणि याची त्यास शरम वाटत होती.

मग सरलष्कर खुद्द तांड्यावर गेले. हिरासिंग घरी नव्हता. नीलाबाई अंगणात तुरीच्या शेंगा झोडीत होती.

"काहून आले भाऊ? काय केलं त्यानं?" ती हातातली काठी न ठेवता म्हणाली.

मसाजींनी रसाचे प्रकरण निवेदन केले. नीलाबाईस हसू आले, मग तिने पदराने तोंड पुसले.

"आधी माझ्यापाशीबी असंच व्हतं. कवाबी यायचं, भाकर मागायचं. म्या झाकून ठेवायची. एक दिस झाकणंच बंद केलं. दोन दिस उपाशी झोपला, पर तवापसून जेवायला येळेवर येऊन राहिला." तिने काठीने फाट्याकडे दाखविले. "तुमी फाट्यावर गाडी उभी करता ना भाऊ? म्या पाहते इथून. बिघाड-बिगाड काय न्हाई तिच्यात."

सरलष्करांस या वाक्याने जी जखम जाहली, तैसी फौजेतही जाहली नव्हती. ते परत आले आणि फर्मान काढिले की रविवारी सकाळी सातास जीप सुटेल, फाट्यावर जो उभा असेल तो चढेल, जो नसेल तो राहील.

रविवारी सातास चौदा असामी एका जीपमध्ये बसोन कूच जाहले. फाटा आला. फाट्यावर कोणी नाही. मसाजींनी वेग कमी केला. मग त्यांनी गिअर टाकिला आणि जीप पुढे गेली. औंढा येईतो ते आरशात मागे पाहात होते. ते काय पाहात होते, हे पुसण्याची कोणाची छाती जाहली नाही.

अंतिम सामना स्टेशन रोडच्या स्टार मंडळाशी. हे गनीम बूट घालोन, मोजे वर ओढोन आलेले, बहुत माजोरी. हिरासिंगाच्या जागी भिवाजी उभा राहिला. तो इतका धावला की पाहणारांस धाप लागली, परंतु चेंडू त्याच्यापासोन नेहमी हातभर पुढे. गनिमाने एक गोल केला आणि मध्यंतर जाहले.

इतक्यात मैदानाच्या कडेस कापसाचा टेम्पो थांबला आणि त्यावरोन हिरासिंगाने उडी टाकिली. केसांत कापूस, हातात बूट. "गळाला मोठा मासा लागला व्हता, सर. सुटता सुटेना," इतुकेच तो बोलला.

आणि मग काय चमत्कार जाहला की ज्या शिवहाराने त्यास हाकलण्याचा अर्ज केला, तोच सर्वांआधी मसाजींपुढे हात जोडोन उभा राहिला. "सर, ते पट्ट्याचं जाऊ द्या. उतरवा त्याला."

बारा जणांनी तेच सांगितले. हिरासिंग उतरला तर चषक बहुधा आपला, हे मसाजींसही धडधडीत दिसत होते. अखेर ते म्हणाले, "भिवाजीला विचारा. जागा त्याची हाय."

भिवाजी गुडघ्यास पाणी लावीत होता. तो आजवर सभेत एक अक्षर बोलला नव्हता, तेव्हा तो मान हलवोन जागा देईल, हे सर्वांनी गृहीत धरिले. त्याने मान वर केली.

"न्हाई," तो म्हणाला. "सहा महिने रोज सहाला येऊन राहिलो. आज सातलाबी आलतो. बसायचं तर त्यानं बसावं."

हिरासिंगाच्या चेहऱ्यावर प्रथम हसू आले, मग ते गेले. त्याने हातातले बूट खाली ठेविले आणि तो रेघेबाहेर मातीत बसला.

उत्तरार्धात त्याने जन्मात प्रथम सामना बाहेरोन पाहिला, आणि तो त्यास सोसेना. तो उठे, बसे, ओरडे, "डाव्या अंगानं, भिवा! मागं आपला गोली हाय, पुढं पळ!" अशा आरोळ्या देई. पाऊण तास होत आला असता गनिमाच्या एका गड्याने चेंडू जोराने टोलविला, तो येऊन भिवाजीच्या पोटावर आदळला आणि उलट गनिमाच्याच जाळ्यात शिरला. भिवाजी कळवळोन खाली बसला आणि त्यास गोल जाहल्याचे मागाहोन कळले. हिरासिंग मात्र मैदानात धावत शिरला, त्याबद्दल पंचांनी त्यास ताकीद दिली. खेळत नसता ताकीद मिळविणारा मंडळाचा हा पहिलाच शिपाई.

शेवटल्या दोन मिनिटांत गनिमाने आणखी एक गोल केला. या प्रसंगास काही लोक शिकस्त म्हणतात. वास्तविक मंडळाने चषक तूर्त स्टेशन रोड येथे ठेविला, असे समजावे.

परतीस जीप निघाली. हिरासिंग मागील पायरीवर उभा राहोन, दांडी धरोन येत होता. फाटा येता त्याने भिवाजीस पुसले, "ते पोटाला लागून गेलं, का तू मारलं?"

"मारलं," भिवाजी म्हणाला.

हिरासिंगाने थोडा विचार केला. "बराबर," म्हणाला, आणि उतरोन गेला.

मसाजींस झोप आली नाही. आपल्या हुकुमाने चषक घालविला की काय, ही तळमळ. त्या तळमळीत पहाटे डोळा लागला, आणि जाग आली तेव्हा सहा वाजोन गेले होते. सरलष्कर शर्टाची बटणे लावीत मैदानावर धावले. शिवहार नाही, सुदाम नाही, अवघी फौज दुःखाने पांघरुणात. खांबापाशी दोन असामी. भिवाजी सहास आला होता. आणि त्याच्याही आधी पावणेसहास येऊन, थंडीने हात काखेत घालोन, हिरासिंग बसला होता.

"सर," तो म्हणाला, "दहा मिनिटं झाली."

मसाजींनी त्याच्याकडे पाहिले, मग आपल्या घड्याळाकडे पाहिले. मग चपला काढिल्या आणि वयाच्या बावन्नाव्या साली, आपल्याच हुकुमाबरहुकूम, मैदानाचे दोन फेरे मारिले. हिरासिंग खांबाशी उभा राहोन मोठ्याने मोजीत होता, आणि त्याने एकही फेरा माफ केला नाही. साडेसहास शिवहार आला, त्यास सहा पडले.

सबब, पौष वद्यपक्षी, सोमवारी, सूर्योदयापूर्वी, जवळा बाजारचे मैदान हिरासिंग तांडेकर यांनी एकट्याने सर केले, व सरलष्करांकडोन दोन फेरे खंडणी वसूल केली. संघात ठेवावे की न ठेवावे, हा निवाडा दप्तरी कोठेही नमूद नाही. कोणी पुसलाही नाही. फत्ते जाहली ती येणेप्रमाणे दर्ज केली असे.

मंगळवारी मशारनिल्हे हिरासिंग साडेसातास आले. परंतु त्यांनी अठराही फेरे मारिले, आणि मेंढरे खोळंबली असता भिवाजी ते मोजण्यास थांबला.