विलायती दूतबाईंच्या स्वारीची आणि शाळेच्या पश्चिम भिंतीची हकीकत

पित्याचे स्मरण करून, पुत्राचे नाव घेऊन, पवित्र आत्म्यास ‘लिहिताना हात धर’ ऐसे विनवून आणि मरिया मातेच्या चरणी माथा ठेवून हकीकत मांडिली ती ऐसी: इसवी सन एकोणीसशे शहाऐंशी, नाताळ सरला, तीन राजांचा सण आटोपला, वालाच्या शेंगा भरल्या, त्या समयी दर्याकाठच्या आमच्या राज्यावर मोठे संकट आले. राज्य म्हणावे तर चार आळ्यांचे, केळीच्या आणि मोगऱ्याच्या बागांमधले, एका अंगास खाडी आणि दुसऱ्या अंगास मिठागर. राजा कोणी नव्हता. वर स्वर्गात परमेश्वर आणि खाली गादीवर धर्मगुरू फादर बोनिफास दोडती. हे स्वभावे गरीब, आवाज हळू, प्रवचनास उभे राहिले म्हणजे मागल्या बाकांवरील पुरुष निवांत डोळे मिटीत. देवळाच्या उजव्या अंगास शाळा होती आणि तीच राज्याचा कोट व तीच खजिना. आम्ही त्या शाळेत शिकलो तेव्हा भिंती कुडाच्या होत्या, जमीन शेणाची होती, आणि सिस्टरांच्या पांढऱ्या झग्यांस सायंकाळपर्यंत तांबडी किनार चढत असे. मग आमच्या बापांनी रविवारचा मिस्सा झाल्यावर घरी न जाता डोक्यावर दगड वाहून मोठा वर्ग बांधिला, त्यात चुना थोडा आणि हौस फार, आणि त्या हौसेची पश्चिम भिंत पुढे गरोदर बाईसारखी फुगली.

त्या साली सरकारातून शिक्षणखात्याचे साहेब तपासास आले आणि त्यांनी छत्रीची मूठ भिंतीवर ठोकिली, तो वरून चुन्याची माती पडून साहेबांचे केस पांढरे जाहले. साहेब रागावले नाहीत, तेच वाईट. त्यांनी केस झटकले आणि हुकूम केला की जूनच्या आत भिंत नवी करावी, न झाल्यास शाळेस कुलूप घालून मुले खाडीपलीकडच्या शाळांत वाटून द्यावी. आता सरकारचे अनुदान होते ते शिक्षकांच्या पगारापुरते, भिंतीस त्यातून वीटही मिळेना. देवळाच्या दानपेटीवर छपराचा आणि मेणबत्त्यांचा हक्क आधी. तेव्हा मुख्याध्यापिका साबिना फुर्ट्याडो यांची अन्नावरील वासना गेली. ही बाई आमच्याच आळीची, तिच्या बापानेही त्या भिंतीचे दगड वाहिलेले. ती आम्हास विहिरीवर बोलली, “मावशी, पोरं जातील खाडीपलीकडे. होडीत बसतील, दंगा करतील, पण जातील. पोरींना कोण पाठवतंय? पोरी मोगऱ्याच्या कळ्या खुडायला बसतील.” आमच्या चार बहिणींपैकी तिघी कळ्याच खुडीत आल्या होत्या.

मग बिशपस्वामींच्या सल्ल्याने विलायतेतील एका मदतनिधीकडे अर्ज गेला. हा निधी दूरदेशीच्या भाविकांचा, गरीब शाळांस आणि देवळांस अनुदान देणारा. तिकडून तारेने निरोप आला की आमची दूत येईल, डोळ्यांनी पाहील, गरज कळल्यास एका कामास मदत करू. हा निरोप देवळात वाचला गेला आणि राज्यात धांदल उडाली. उत्सव समितीचे अध्यक्ष इनास लोपीस म्हणजे आमचे सेनापती. मोठे बागाईतदार, मिशा भरदार, सणाचा मांडव त्यांच्याशिवाय उभा राहात नसे. त्यांनी सभा भरविली आणि हुकूम सोडले की शाळेस चुना लावावा, शेजारच्या पॅरिशमधून, म्हणजे धर्मग्रामातून, नवे बाक उसने आणावे, बाजा सांगावा, आणि पश्चिम भिंतीवरून मखमली पडदा सोडून मधोमध मरिया मातेची तसबीर लावावी.

साबिनाबाई उठून उभी राहिली. “इनासकाका, भिंत पाहायलाच येते ना ती?”

“पाहील हो. आधी माणसं पाहू दे, चार घास खाऊ दे, मग हळूच सांगू. साता समुद्रापलीकडून पाहुणी येते, आणि दारातच तिला पडझड दाखवायची?”

“पण सगळं झाकलं तर तिला कळायचं कसं?”

“टीचर, तुम्ही शाळा सांभाळा. पाहुणचार आम्हाला शिकवू नका.”

त्यावर नातालीन आजी, वयाने सर्वांत वडील, कानाने अधू, ती बोलली, “आणि अंगावर काय घालायचं? रोजचं लुगडं नेसलो तर तिला वाटेल, ह्यांच्याकडे नेसायला नाही.”

“वाटू दे ना आजी, तेच तर—”

“तेच तर काय गं? भीक मागतो काय आपण?”

सर्वांनी फादरांकडे पाहिले. फादर बोलिले, “दोघांचंही बरोबर आहे.” ऐसा निवाडा होऊन सभा उठली, आणि जे इनासकाकांनी म्हटले तेच जाहले. भिंतीस सुपारीच्या खोडाचा टेकू होता, त्यासही रंगीत कागद गुंडाळून त्याची शोभा केली.

मग स्वारीचा दिवस उगवला. मोटार आली, बाजा वाजला, आणि आतून हेडविगबाई उतरल्या. उंच, हाडकुळ्या, पायात धुळीच्या चपला, खांद्यास कापडी पिशवी, अंगावर सोन्याचा कण नाही. समोर आम्ही साठसत्तर बायका तांबडी लुगडी नेसून, पेटीतले सगळे सोने घालून, सूर्य उगवल्यासारख्या उभ्या. दूतबाईंनी आमच्या गळ्यांकडे पाहिले, मग आपल्या चपलांकडे पाहिले, ते साबिनाबाईने टिपले. राज्यात इंग्रजी बोलण्याजोगे तीच नीट बोले, सबब दुभाषी तीच. मग जेवण जाहले. मैद्याच्या गोल फुग्या तळल्या होत्या, कोंबडी होती, तांदळाचे वडे होते, आणि आम्ही वाढपात होतो. दूतबाई हात आडवा धरून नको म्हणत, आणि आम्ही “घ्या, घ्या” म्हणून हाताच्या बाजूने पानात घालीत असू. त्यांनी बिचारीने सारे खाल्ले. घामाघूम जाहल्या, पण खाल्ले.

जेवणानंतर पडद्यासमोर खुर्च्या मांडून दरबार भरला. दूतबाईंनी वही उघडली आणि साबिनाबाईच्या मुखे विचारिले की आपणास कशाची गरज आहे? फादर उभे राहिले, हात चोळिले आणि बोलिले, “त्यांना सांगा, त्या आल्या हेच आम्हाला खूप झालं.” साबिनाबाईने ते इंग्रजीत सांगितले. मग दूतबाईंनी इनासकाकांकडे वळून तेच विचारिले. काका मिशीवर हात फिरवून बोलिले, “देवाच्या दयेने सगळं आहे. काही नको.” मांडवात माना डोलल्या. थोरामोठ्यासारखे बोलला, ऐसे एकजण कुजबुजला.

साबिनाबाई हळूच म्हणाली, “काका, पाया पडते, नीट सांगा.”

“नीटच सांगतोय. पहिल्याच शब्दाला हात पसरला तर ती काय म्हणेल? विचारू दे परत.”

मग तिने तेही उत्तर जसेच्या तसे सांगितले. पुढे ती आम्हास म्हणाली की मावशी, त्या क्षणी खोटं सांगायची फार इच्छा झाली, कोणालाच कळलं नसतं, पण फादर शेजारी आणि मातेची तसबीर पाठीशी. दूतबाईंनी उत्तर ऐकिले, प्रसन्न हसल्या, काहीसे बोलल्या, वही मिटिली, लेखणीस टोपण लाविले आणि उठल्या.

“काय म्हणाली?” इनासकाकांनी विचारिले.

“म्हणाली, फार आनंद झाला. एका गावी मुलं झाडाखाली बसतात, मदत तिकडे पाठवते.”

“आणि परत विचारत नाही?”

“नाही. तिच्याकडे नको म्हणजे नको.”

“ही कसली पद्धत!” काका बोलिले, आणि त्यांचा चेहरा उतरला. बाजेवाल्यांस वाटले निघण्याची वेळ जाहली, त्यांनी कर्णे तोंडास लाविले. मांडवात कोणी हलेना. जो तो दुसऱ्याकडे पाहू लागला की हा बोलेल, तो बोलेल.

तेव्हा साबिनाबाईने दूतबाईंच्या पिशवीचा बंद धरिला. पाहुणीची पिशवी धरिली! नातालीन आजी “अगं, अगं” म्हणाली. साबिनाबाई इंग्रजीत बोलू लागली आणि ते दुभाष्याचे बोलणे नव्हते, तिचे आपले होते. पुढे तिनेच अर्थ सांगितला तो ऐसा: बाई, जेवताना आपण नको म्हणालात तरी आम्ही वाढले. आमच्यात पहिले नको हे नको नसते, ती रीत असते. देणाऱ्याने आग्रह करायचा असतो. आपण आग्रह केला नाहीत. कृपा करून करा.

दूतबाईंनी तिच्या हातून बंद सोडविला. मग पिशवी खुर्चीवर ठेविली, इनासकाकांसमोर गेल्या आणि दुपारभर आमच्या तोंडून ऐकिलेला शब्द आपल्या जिभेने वाकडा करून बोलल्या, “घ्या. घ्या.” मांडवात हशा पिकला. बाजेवालेही हसले. इनासकाका मात्र हसले नाहीत. ते उठले, मातेची तसबीर खाली उतरवून फादरांच्या हाती दिली आणि पडदा ओढिला. भिंत दिसली. चुना नवा होता तोही तडकला होता, आणि तडा ऐसा की दूतबाईंनी बोट घातले तर मनगटापर्यंत हात गेला.

त्यांनी विचारिले, हे झाकले का?

काका बोलिले, “तिला विचारा टीचर, घरी पाहुणे आले तर तुम्ही फाटकी चादर वर घालता का?”

मग दूतबाईंची नजर आमच्या सोन्यावर गेली. नातालीन आजीस तेवढे बरोबर कळले. “हे बापाने लग्नात दिलेलं. आणि ह्यातलं निम्मं शेजारणीचं आहे, संध्याकाळी परत द्यायचंय.” साबिनाबाईने तेही सांगितले, काही गाळिले नाही. मग दूतबाईंनी विचारिले की या भिंतीशी कोण बसते, आणि शाळा बंद जाहली तर काय होईल? पहिल्याचे उत्तर साबिनाबाईने दिले की सातवीच्या मुली. दुसऱ्या प्रश्नास तिने मांडवातल्या बापांकडे पाहिले. तेव्हा इनासकाका जमिनीकडे पाहून बोलिले, “माझ्या घरचंच सांगतो. नात आहे, हुशार आहे. शाळा गेली तर मी तिला खाडीपलीकडे नाही पाठवणार. कळ्या खुडायला बसवीन. सांगा टीचर, असंच सांगा.” आजवर काकांनी चारचौघांत आपल्या घरचे उणे काढिले नव्हते. दूतबाईंनी वही पुन्हा उघडिली, लिहिले, आणि वचन काही न देता मोटारीत बसल्या.

पुढचे दिवस कसे काढिले ते आम्हीच जाणतो. उपवासकाळ आला, झावळ्यांचा रविवार गेला, पुनरुत्थानाचा सण गेला. टपालवाल्याची सायकल आळीत वळली की बायका हातातले टाकून दारात येत, आणि तो “काही नाही, काही नाही” म्हणत पुढे जाई. शेवटी शेवटी तो दुसऱ्या आळीने जाऊ लागला. राज्यात भांडणेही जाहली. कोणी म्हणे काकांनी घोळ केला, कोणी म्हणे टीचरने पिशवी ओढून अब्रू घालविली. फादर म्हणत दोघांचंही बरोबर आहे. साबिनाबाईने मे महिन्यात मुलींच्या घरोघर जाऊन बापांस विचारिले की शाळा गेली तर पाठवाल काय, आणि प्रत्येकाने तिला चहा दिला. मग मे सरता सरता निरोप आला की मदत मंजूर, ती शाळेच्या भिंतीपुरती, अन्य कामास नाही, आणि उद्घाटनास बाजा वाजवू नये. साहेबांनी कृपा करून काही मुदत वाढवून दिली, मुले देवळाच्या पडवीत बसली, आणि दिवाळीच्या आत नवी भिंत उभी राहिली. सातवीच्या मुलींतील एकही कमी जाहली नाही.

आता पुढे कोणाचे काय जाहले ते. फादर बोनिफास यांस बिशपस्वामींनी डोंगराकडील पॅरिशवर धाडिले, तेथेच वृद्धापकाळी निवर्तले. नातालीन आजी गेली आणि तिच्या सोन्यावरून सुनांत जे भांडण लागले ते अद्याप मिटले नाही. हेडविगबाई काही वर्षे नाताळास शुभेच्छा धाडीत, मग धाडीनाशा जाहल्या, तेव्हा आम्ही त्यांच्या आत्म्यास शांती मागितली. जिवंत असल्यास देव आम्हास क्षमा करो. इनास लोपीस यांची नात शिकून परिचारिका जाहली, आखातात गेली, तिच्या पैशाने काकांचे अखेरचे औषधपाणी जाहले. साबिनाबाई निवृत्त जाहल्या, गुडघे धरिले, तरी मे महिन्यात काठी घेऊन आळ्याआळ्यांतून आमच्या मराठी शाळेच्या पहिलीसाठी मुले मागत फिरतात. लोक त्यांस खुर्ची देतात, सरबत देतात, आणि मूल इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत बसवितात. इनासकाकांची नात आता आखातातून परतली आहे, तिची मुलेही त्याच गाडीतून खाडीवरच्या नव्या पुलाने जातात.

सारांश इतकाच की त्या साली राज्य वाचले आणि भिंत आजही ओळंब्यात आहे. आमचे घर शाळेस लागून, म्हणून जून महिन्यात आम्ही सकाळीच ओट्यावर जाऊन बसतो आणि पहिलीची हजेरी ऐकतो. गेल्या वर्षी नव्या बाईंनी नावे वाचावयास आरंभ केला, आणि आम्ही खांद्यावरचा पदर सावरीतो तोच वाचणे संपले.