डेलियाची हजामत

"आई, तुम्ही निर्धास्त जा! पस्तीस वर्षं लोकांची डोकी सांभाळतोय, तुमचे चार कंद नाही सांभाळणार?"

सलूनवाले जावईबापू छाती फुगवून म्हणाले, तेव्हा सासूबाईंच्या कपाळावर आठी पडली. हिवाळाभर त्या धाकट्या लेकीकडे जाणार होत्या. अंगणातला काळपट लाल डेलिया सासऱ्यांनी स्वतः लावलेला. ते गेले, पण दरवर्षी फुलं येत होती.

"कडाक्याची थंडी पडायच्या आत कंद काढा, वाळवा आणि भुशात ठेवा. बाकी हात लावू नका," सासूबाईंनी तीनदा बजावलं.

जावईबापूंनी कंद उकरला आणि त्यांना धक्काच बसला. काय तो अवतार! मुळांच्या दाढ्या वाढलेल्या, माना वेड्यावाकड्या, वर जुन्या खोडाचे खुंट! असं गिऱ्हाईक खुर्चीतून तसंच उठू द्यायचं? मग दुकानात नेऊन त्यांनी गठ्ठा सोडवला, मुळं भादरली, एकेका कंदाची मान खालच्या बोटभर गरासकट सरळ रेषेत छाटली आणि कापलेल्या जागी तुरटीही फिरवली.

घरी भुशाच्या खोक्यात चौदा गुळगुळीत कंद ओळीने निजले. बायको बघतच राहिली.

"अहो, आईनं हात लावू नका म्हणून सांगितलं होतं ना?"

"हात कुठं लावला? वस्तराच लावला!"

सवयीने दर रविवारी ते पाण्याचा फवाराही मारत राहिले.

वसंतात सासूबाई दोन दिवस आधीच टपकल्या. चहासुद्धा न घेता त्यांनी खोकं उघडलं. अर्धे कंद कुजून लिबलिबीत झालेले. उरलेले त्यांनी उलटसुलट करून पाहिले.

"जावईबापू, यांच्या माना कुठायत?"

"कापल्या. नीटनेटकं दिसावं म्हणून."

"अहो, कोंब तिथूनच फुटतो! नुसत्या कंदाला काहीसुद्धा येत नाही!"

जावईबापूंच्या तोंडचं पाणी पळालं. सासूबाई मटकन पायरीवर बसल्या. "यांच्या हातचं तेवढं एकच उरलं होतं," त्या हळूच म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"कापलेलं टाकलंत कुठं?" बायकोने विचारलं.

"दुकानातच. केसांच्या पोत्यात."

तिघंही धावत सुटले. मागच्या खोलीत कोपऱ्यात पोतं तसंच पडलेलं होतं. बायकोने तोंड सोडलं आणि किंचाळून मागे सरली. गावभरच्या काळ्यापांढऱ्या केसांतून जांभळट बोटं वर आली होती!

सासूबाई मात्र खाली वाकल्या. "कोंब! अगं, कोंब आहेत हे! एक, दोन... पाच!" त्यांचे डोळे भरून आले. "कोरडं, उबदार, आणि कुणी हात न लावलेलं. मी दुसरं काय सांगितलं होतं?"

"म्हणजे मी सांभाळलेच की!" जावईबापूंच्या जिवात जीव आला.

"तुम्ही नाही, तुमच्या गिऱ्हाइकांनी. पुढच्या वर्षी कंद त्यांच्याकडेच ठेवीन."

जावईबापू मान खाली घालून हसले. मग त्यांचं लक्ष एका कोंबाकडे गेलं. बाकीच्यांपेक्षा जरा उंच होता. डावीकडे झुकलेलाही. हात आपोआप खिशाकडे गेला.

"जावईबापू! ती कात्री इकडे द्या!"

आठवडाभर दुकान बंद होतं. कात्री सासूबाईंच्या पर्समध्ये होती.