दहा सेकंदांची शांतता

सरुबाईंना त्या दिवशी सकाळपासून बोलायची बंदी होती. घसा जपायचा म्हणून त्यांच्या लेकानं, प्रसेनजीतनं, त्यांना माजघरात बसवून तोंडात ज्येष्ठमधाची काडी दिली होती. साठ वर्षांत त्या इतका वेळ गप्प बसल्या नव्हत्या. त्यांचे यजमान आबा या प्रकाराकडे मोठ्या कौतुकानं बघत होते.

कारणही तसंच होतं. चौदा एप्रिलची वस्तीतली मिरवणूक गेली तीस वर्षं सरुबाईंच्या गाण्यानं निघायची. शब्द त्यांचेच, चालही त्यांचीच. पण मागच्या जयंतीला माईकसाठी चौघांत ओढाओढी झाली आणि माईक गटारात पडला. म्हणून यंदा, म्हणजे दोन हजार पाच साली, कमिटीनं ठरवलं, की कुणाच्याच हातात माईक द्यायचा नाही, सगळी गाणी सीडीवर लावायची. ट्रॉलीवर स्पीकर बांधणारे हंबीरराव तर सांगून मोकळे झाले, "सीडी आणा, लावतो. न्हाय आणली तर माझ्याजवळ बाजारातल्या हायतच की."

यावर सरुबाई काहीच बोलल्या नाहीत, आणि तेव्हा तर त्यांना बंदीही नव्हती. प्रसेनजीतला ते फार लागलं.

तो गावातच, कोडोलीत, कॉम्प्युटर क्लास चालवायचा. त्यामुळे घरात एक कॉम्प्युटर होता आणि अंगात भरपूर आत्मविश्वास. आईचं गाणं घरीच रेकॉर्ड करायचं ठरवून तो एसटीनं कोल्हापूर गाठून दुकानात उभा राहिला. दुकानदारानं दोन माईक पुढं ठेवले. एक साधा, तोंडाशी धरला तरच ऐकणारा. दुसरा कंडेन्सर.

"ह्याच्याम्होरनं मुंगी गेली तरी आवाज येतोय बघा, पावणं."

साधं आणि भारी असं दोन्ही पुढं ठेवलं, की कोल्हापूरकडच्या माणसाला साध्याकडं परत बघणं कमीपणाचं वाटतं. प्रसेनजीतनं कंडेन्सर घेतला. आपल्याला मुंगी ऐकायची आहे का, हा प्रश्न त्याला परतीच्या एसटीत पडला. सॉफ्टवेअरचंही तेच झालं.

"ह्यात चौसष्ट ट्रॅक हायत. चौसष्ट आवाज निरनिराळे घेता येत्यात."

"पण आईचा आवाज एकच हाय."

"मग उरतील की. उरलं तर काय खराब हुतंय व्हय?"

घरी माईक जोडला आणि दुकानदाराचा शब्द खरा ठरला. माईकनं घड्याळ ऐकलं, गोठ्यातल्या म्हशीचं रवंथ ऐकलं, शेजारच्या बनाबाईंनी सुनेला काय सुनावलं तेही ऐकलं. आणि या सगळ्यावर कोपऱ्यावरच्या कृष्णातच्या पिठाच्या गिरणीची धडधड होती. प्रसेनजीतनं घरातल्या आठही वाकळा भिंतींना आणि दाराला ठोकल्या. आबांनी त्या धरल्या, तेव्हा जुन्या लुगड्यांची धूळ डोळ्यांत जाऊन त्यांचे डोळे लाल झाले. म्हैस गप्प झाली, बनाबाई गप्प झाल्या, गिरणी मात्र वाकळा भेदून आत येत राहिली. सॉफ्टवेअरनं तिचा आवाज पुसला, तर आईचा आवाज डब्यातून आल्यासारखा यायला लागला. नीट काम व्हायचं तर गाण्याआधी दहा सेकंद निव्वळ शांतता हवी, असं त्या सॉफ्टवेअरचं म्हणणं होतं. जयंती उद्यावर आलेली, आणि वस्तीत दहा सेकंद शांतता कुणाच्याच आठवणीत नव्हती.

"आबा, तेवढं कृष्णातला गिरण थांबवाय सांगा. आणि गल्लीला जरा गप करा," प्रसेनजीत म्हणाला.

आबा जन्मात कधी दोन वाक्यं सलग बोलले नव्हते. कृष्णातनं त्यांना दारातच थांबवलं.

"दळणाच्या टायमाला गिरणीचा पट्टा उतरत न्हाय, आबा. गल्लीत मयत झाली तरच गिरण बंद. वडलांपास्नंचा नेम हाय."

"सरूसाठी एवढं करायचं हुतंस," असं म्हणून आबा वळले. मग प्रत्येक दारात जाऊन त्यांनी हात जोडले. "जरा शांत ऱ्हावा. सरूसाठी." पुढचं सांगायला हवं, हे त्यांना सुचलं नाही.

बनाबाईंनी ते लाल डोळे बघितले. सकाळपासून सरुबाईंचा आवाज नाही, भरदिवसा दार बंद, सगळ्या वाकळा आत नेलेल्या. बनाबाईंनी पदर तोंडाला लावला आणि थेट गिरणी गाठली.

"कृष्णात, आरं सरुबाई गेली की रं."

आपण आबांना काय बोललो ते कृष्णातला आठवलं. त्यानं मुकाट्यानं पट्टा उतरवला.

गिरणी थांबली. सगळी गल्ली बंद दारासमोर माना खाली घालून उभी राहिली. आत प्रसेनजीतला बापाचा अभिमान वाटला. त्यानं बटण दाबलं, दहा सेकंद मोजले आणि आईला खूण केली.

सकाळपासून साठवलेला आवाज एकदम सुटला. "लेक निघाली शाळेला, पाटी चमके उन्हात."

बाहेर पहिली ओळ संपेपर्यंत कुणी हललं नाही.

"अगं बया," बनाबाई पुटपुटल्या, "जित्ती हाय की."

दुसरी ओळ आली. ही दुसरी ओळ तीस वर्षं गल्लीच धरायची. एकानं धरली, आणि मग सगळ्यांनी. पिठानं पांढरा झालेला कृष्णात जन्मात गायला नव्हता, तो सगळ्यांत मोठ्यानं गात होता. मुंगी ऐकणाऱ्या माईकला एवढी माणसं काय जड होती? चौसष्ट ट्रॅक घेतले होते, आवाजही तेवढेच आले, पण सगळे एकाच ट्रॅकमध्ये. प्रसेनजीत डोकं धरून बसला.

पुन्हा रेकॉर्ड करायची सोय नव्हती. मयत नाही म्हटल्यावर कृष्णातनं पट्टा चढवला होता. दारात सरुबाई बनाबाईंवर उखडल्या होत्या.

"माझ्या मयताला आलतीस, तर रडायचं तरी हुतंस."

"रडणारच हुतो. पण आबांनी शांत ऱ्हावा म्हणून सांगितलं."

दुसऱ्या दिवशी ट्रॉली सजली. आदल्या दिवशीचं तेच रेकॉर्डिंग भरलेली सीडी हंबीररावांनी लावली. आवाज नाही. सरुबाई पांढऱ्या लुगड्यात सगळ्यांच्या पुढं उभ्या होत्या. त्यांनी एकदा स्पीकरकडं बघितलं आणि मान खाली घातली. गाण्याआधीचे दहा सेकंद कापायचे राहिले, हे प्रसेनजीतच्या लक्षात आलं, पण तो गर्दीच्या पार मागं अडकला होता.

"कोरीच हाय की," म्हणून हंबीररावांनी बाजारातली सीडी उचलली. तेवढ्यात कृष्णात ट्रॉलीवर चढला आणि त्यानं त्यांचं मनगट धरलं.

"हात लावू नका. चालू हाय ते."

"काय चालू हाय? कायबी ऐकू येत न्हाय."

"तेच की," कृष्णात छाती काढून म्हणाला. "ती माझी गिरण बंद हाय. गप ऐका."

हंबीररावांनी हात मागं घेतला. आणि दहावा सेकंद संपला.