तीन नंबरची कस्तुरी

अत्तराच्या कंपनीत लेखकरावांना काम एकच: बाटलीतला वास खोक्यावर शब्दांत उतरवायचा. पूर्वी ते फिरतीवर अत्तरं विकायचे. तिथे जीभ फार चालते असं पाहून मालकांनी त्यांच्या हाती लेखणी दिली. त्या दिवशी मालकांनी कस्तुरीच्या वासाचे तीन नमुने टेबलावर ठेवले. "फरक लिहा. मला मेले तिन्ही सारखेच वाटतात."

पहिल्याला त्यांनी लिहिलं, 'पिकायला लागलेलं खरबूज, साल अजून कडक.' दुसऱ्याला, 'उन्हात तापलेला चामड्याचा पट्टा, जिभेवर किंचित खारट.' तिसऱ्यापाशी मात्र नाकाने हात टेकले. तिसऱ्याची कागदी पट्टी खिशात टाकून ते घरी गेले.

घरी कोणीच नव्हतं. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती आणि मुलगी लग्न होऊन दूर गेली होती. कपाटात बायकोच्या कप्प्यात एक तपकिरी शाल होती. रोज संध्याकाळी चहा ठेवण्याआधी लेखकराव तिच्यात तोंड खुपसून एकच श्वास घेत आणि दार लावून टाकत. जास्त हुंगलं तर ती संपेल, अशी त्यांना भीती वाटे. वासाच्या बाबतीत असा कंजूष माणूस शोधून सापडला नसता.

त्या संध्याकाळी खिशातली पट्टी शालीत पडली, ती सकाळी सापडली. त्यांनी ती हुंगली आणि शब्द आपसूक आले: 'कोणीतरी आत्ताच उठून गेलेल्या खुर्चीची ऊब. जुना साबण, थोडी लोकर.'

मालकांनी वाचलं, नाक ओढलं आणि लगेच सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाला फोनवर वाचून दाखवलं. गिऱ्हाइकाने तिथल्या तिथे मागणी नोंदवली. मग मालकांनी बाटली उघडली.

"यात खुर्ची कुठाय?"

"लोकरही नाही," रसायनवाल्या बाई म्हणाल्या. बाटल्यांतलं मिश्रण त्याच करत.

लेखकरावांना शालीचं सांगावंच लागलं. तासाभरात दोघंही त्यांच्या कपाटासमोर हजर.

"एकेकदाच हुंगा हं," लेखकराव कळवळून म्हणाले, "आणि श्वास कपाटाबाहेर सोडा."

बाईंनी शाल हुंगली. थोडा विचार केला. मग वळून सरळ लेखकरावांची कॉलर हुंगली. लेखकराव कानापर्यंत लाल झाले.

"लेखकराव, हा वास तुमचा आहे."

"शक्यच नाही!"

मालकांनी दुसऱ्या बाजूने कॉलर हुंगली. "सापडली खुर्ची! अहो, काखेत कळसा म्हणतात तो हाच!"

"तो तिचा आहे," लेखकराव जवळजवळ ओरडले.

"रोज तोंड खुपसता ना तिच्यात?" बाई हळू आवाजात म्हणाल्या. "स्वतःचा वास माणसाला ओळखू येत नाही."

मालक जाताना त्यांचे दोन न धुतलेले शर्ट नमुन्यादाखल घेऊन गेले. लेखकराव कपाटासमोर बसून राहिले. बायको दुसऱ्यांदा गेली होती, आणि या वेळी भेटायलाही कोणी येणार नव्हतं. त्यांनी चहासुद्धा केला नाही.

अत्तर तयार झालं. पहिली बाटली त्यांना मिळाली. ती न उघडताच त्यांनी मुलीला पाठवून दिली. तिचा फोन आला.

"बाबा, हा तर अगदी तुमचा वास!"

"हो. आईच्या शालीचा. मला वेड्याला तो तिचा वाटायचा."

"कुठली शाल? तपकिरी? अहो, ती तुमचीच! हरवली म्हणून तुम्ही नवी घेतलीत, ती."

"मग ती तिच्या कप्प्यात कशी?"

"तिनेच लपवली होती. तुम्ही फिरतीवर गेलात की उशाशी घेऊन झोपायची. मी एकदा धुवायला काढली तर केवढी भडकली! मलाही हुंगू द्यायची नाही. म्हणायची, रोज एकदाच, नाहीतर हे परत यायच्या आत वास संपेल."

लेखकरावांनी फोन ठेवला. मग त्यांनी कपाट सताड उघडलं, शाल झटकली, अंगभर गुंडाळून घेतली आणि चहा ठेवायला गेले.